कठड्यापलीकडचे आबा

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दृष्टी गेली आणि आईवर चार घरची धुणीभांडी आली. आबांना रस्ता दाखवायला गल्लीतला काळ्या कुत्रा होता, गळ्यात सुतळी बांधलेला. रविवारी ते मला नगरपालिकेच्या बागेत न्यायचे, पण काळ्याला आत सोडत नसत. मग आबा त्याच्यासोबत कठड्याबाहेर बसायचे. म्हणायचे, "वर गेलीस की ओरड गं. मला कळू दे."

मी झोक्यावरून ओरडायची, "आबा, मी वर!"

पुढे शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आज त्याच बागेची व्यवस्था माझ्याकडे आहे. आबा आता नाहीत, तरी झोक्याची कडी करकरली की कठड्यापलीकडे कुणी कान देऊन बसलंय असं वाटतं, आणि मी वळून बघतेच.

काल एक अंध बाई आल्या. सोबत लहान मुलगी आणि वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा.

रखवालदार म्हणाला, "बाई, कुत्रं बाहेर. मुलगी आहे की सोबत."

"झोका दिसला की ती पळते. मग काय तुमचा हात धरू?"

मी म्हटलं, "काका, तिघांनाही आत सोडा. आणि कुत्र्याला कुणी गोंजारू नका, तो कामावर आहे."

कुत्रा बाईंच्या पायाशी शांत बसला. झोका उंच गेला.

"आई, मी वर!"

मी कठड्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

आमच्या बागेत आता वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला प्रवेश आहे.