मॅडमना दाखवायची राहिलेली कुपी

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नरखेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत होतो. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "दादा, आई सकाळी गेली." मॅडमना एक कुपी दाखवायची होती... ती अजून बनलीच नव्हती.

मॅडम माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. आमचं काम चमकणाऱ्या रंगांवर. आमचा रंग द्रावकात विरघळलेला असताना जवळपास विझलेलाच असतो. तो पाण्यात सोडला की त्याचे रेणू पाण्याला टाळून आपोआप एकमेकांना बिलगतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण होतात आणि अतिनील दिव्याखाली हिरवे उजळतात. "एकटा रेणू हलण्या-डुलण्यातच सारी ताकद घालवते," मॅडम सांगायच्या. "दाटीनं बसला की हलाले जागा नाही. मंग उजेड देते."

पण रंग पाण्यात एका झटक्यात सोडावा लागतो. मला ते जमेना. गावच्या शाळेत थेंब थेंब टाकायलाच शिकवलेलं. त्यात मी घरातला पहिला पदवीधर. काही वाया जाईल या धास्तीने हात आखडायचा. मग रेणूंचे मोठे गठ्ठे होऊन तळाशी गाळ बसायचा. "काहून थेंब थेंब सोडून राहिला गा? पाण्याले सलाइन लावलं का?" मॅडम म्हणायच्या आणि अख्खी प्रयोगशाळा हसायची. मीही.

पुढे सलाइन त्यांनाच लागलं. आजार वाढला तशी त्यांना माझी एकच काळजी... आपण नसताना याला हे कण बनवता येतील का? मनीषनगरच्या घरी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी माझी कुपी खिडकीसमोर धरली. तळाशी गाळ होता.

"तुहा हात अजून भेऊन राहिला."

"तुम्ही बऱ्या व्हा मॅडम, मग शिकवा."

"माही वाट नको पाहू. जमली की आण."

जमली ती त्या गेल्यावर काही आठवड्यांनी. सिरिंज पाण्यात धरली आणि दट्ट्या एकदम दाबला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तळ स्वच्छ.

सगळे अतिनील दिव्याभोवती जमलो. तो लावण्याआधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला मॅडम स्वतः उठायच्या, दुसऱ्या कुणाला उठू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी आम्ही तसेच उजेडात उभे राहिलो. बटणाकडे कुणीच जाईना... शेवटी मी गेलो.

कुपी हिरवी उजळली. बराच वेळ कुणी ट्यूबलाइट लावली नाही.