माझ्या डोक्यावरून ओवाळलेली नोट

दौलत मास्तर. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते त्यांच्यामुळे. रॉटरडॅमच्या एका वाद्यवृंदात आज माझी खुर्ची आहे, तीही त्यांच्यामुळे. कामठीत त्यांचा लग्नाचा बँड आहे. क्लॅरिनेट मी त्यांच्याकडे शिकलो. आणि त्यांची पाठ वाकलेली मी पाहिली आहे. माझ्यासाठी वाकलेली.

नागपुरात एका कापड दुकानदाराच्या मुलाची वरात होती. मे महिना. डांबर असं तापलेलं की संध्याकाळीही बुटातून चटका लागे. मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. अंगात मोठ्या माणसाचा लाल कोट.

बँडवाल्याला ओवाळणी मिळते. नवरदेवाच्या डोक्याभोवती नोट फिरवायची आणि वाजवणाऱ्याला द्यायची. नवरदेवाला लागलेली नजर नोटेबरोबर निघून जाते म्हणतात. निघून कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यावर असतात. म्हणून त्यानं वाद्य क्षणभर तोंडातून काढायचं, नोट दातांत धरायची, गळ्यातल्या पिशवीत सोडायची, पुन्हा फुंकायचं. मी आणलेली ओवाळणी आई देवाजवळ ठेवू देत नसे. त्याच दिवशी मीठ-तेल आणून संपवून टाकी.

त्या दिवशी नवरदेवाच्या एका मित्रानं नोट ओवाळली. माझ्या तोंडासमोर धरली. मी दात पुढे केले तशी मागे घेतली. पुन्हा धरली. पुन्हा मागे. पोरं हसायला लागली. मग त्यानं ती खाली टाकली, रस्त्यावर, आणि बुटाचं टोक तिच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"उचल बे. हात नाही लावायचा. तोंडानं."

मी थांबलो. माझा सूर तुटला.

"काहून थांबला गा? अरे पाहा, बँडवाला लाजून राहिला!"

वरात अडली. मागून कोणीतरी ओरडलं, "उचल न लवकर, मुहूर्त चालला." मी खाली पाहत होतो. गुडघे आपोआप वाकायला लागले होते. हे मला आजही आठवतं. मी ठरवलं नव्हतं. ते वाकायला लागले होते.

तेवढ्यात माझ्या छातीवर हात आला. मास्तरांचा. त्यांनी मला मागे सारलं. स्वतः पुढे झाले. क्लॅरिनेट एका हातात उंच धरलं, कमरेत वाकले, अगदी खाली, आणि त्या बुटाजवळची नोट दातांनी उचलली. टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. मास्तर सरळ झाले आणि जिथे माझा सूर तुटला होता तिथूनच त्यांनी गाणं उचललं.

परतताना टेम्पोत मी मास्तरांशेजारी बसलो. कामठीचा पूल आला तेव्हा मी विचारलं, "मास्तर, काहून उचलली तुम्ही?"

ते बाहेर पाहत म्हणाले, "तू उचलली असती त तुले सवय लागली असती."

एवढंच. त्या माणसानं आयुष्याची उमेदीची वर्षं छावणीतल्या लष्करी बँडमध्ये काढली होती. तिथे त्यांची वर्दी पाहून लोक सरळ उभे राहत. निवृत्त झाले आणि कामठीत लग्नाचा बँड काढला. वर्दी इथेही होती.

माझे बाबा हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडला, मग दुसऱ्याच्या पॉवरलूमवर पाळीनं जात. घरात छापलेला कागद म्हणजे माझं पाठ्यपुस्तक आणि भिंतीवरचं कॅलेंडर. मास्तरांनी मला पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं. बँडमधली बाकी माणसं कानानं ऐकून वाजवत. मला ते म्हणाले, "कान तं आहेच तुले. डोळ्यानंबी वाजवता आलं पाहिजे." परीक्षेच्या दिवसांत ते मला कोट देत नसत. सीझन भरात असे, माणूस कमी पडे, तरी नाही. "पेपर दे. मंग फुंक." मी पदवीधर झालो तेव्हा त्यांनी माझा फोटो काढून बँडच्या दुकानात लावला, नवरदेवांच्या फोटोंच्या वर.

पुढे एका प्रवासी जहाजावरच्या बँडसाठी चाचणी होती. समोर पाच रेघांचा कागद ठेवला आणि वाजव म्हणाले. मी वाजवलं. जहाजानं मला रॉटरडॅमला नेलं आणि पुढे मी तिथेच राहिलो. पहिली काही वर्षं दिवसा फुलांच्या गोदामात ट्रॉल्या ढकलल्या. संध्याकाळी क्लॅरिनेट. एका मेजवानीत एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्याकडे सापापुढे वाजवतात तसं काहीतरी होऊ द्या." मी वाजवलं नाही. ते काम गेलं. दुसरं मिळालं. मग वाद्यवृंदात घेतलं.

कार्यक्रम संपला की तिथे सगळ्यांनी उभं राहून प्रेक्षकांसमोर वाकायचं असतं. मला जमत नाही. टाळ्या पडायला लागल्या की मला डांबर दिसतं. बुटाचं टोक दिसतं. वाकलेल्या लाल कोटाची मागची शिवण दिसते. मी ताठ उभा राहतो. संचालकांनी एकदा विचारलं, "तुम्ही लोकांवर रागावलात का?" मी म्हणालो, पाठ दुखते. अजूनही सगळ्यांना वाटतं की माझी पाठ दुखते.

एका विधवा बाईंनी कार्यक्रमानंतर मला त्यांच्या नवऱ्याचं क्लॅरिनेट आणून दिलं. म्हणाल्या, घरात ते गप्प पडून आहे, बघवत नाही. कोणी वाजवणारं असेल तर द्या. मी ते कामठीला मास्तरांकडे पाठवलं. मग मी मागायलाच लागलो. जुनी कॉर्नेट, क्लॅरिनेट, बासऱ्या. लोकांनी दिली. पेट्या भरून जायला लागल्या. बँडवाल्यांची मुलं, पॉवरलूमवर जाणाऱ्यांची मुलं, नदीपलीकडच्या कन्हानहून येणाऱ्या दोन मुली. मास्तर त्यांना दुकानातच शिकवत. लाल कोट टांगलेले, त्यांच्या मधल्या बोळात मुलं. एक फुंकायला लागलं की दुसऱ्याच्या कानात जाई. खोली हवी होती. खोली मिळाली तर चार मुलं नीट शिकतील, मिळाली नाही तर हळूहळू गळतील. मास्तर फोनवर एवढंच बोलत. "बाबू, खोलीचं पाह्य."

कळमन्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी खोली देऊ केली. त्यांच्या गोदामावरचा अख्खा मजला, भाडं नाही, वीज त्यांची. त्या वरातीतल्या लोकांशी या माणसाचा काही संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगतो. शेठजी हसतमुख होते. मनानं उदार होते. त्यांची अट एकच, मी त्यांच्यासाठी एक कार्यक्रम करायचा. मागच्या हिवाळ्यात मी त्यासाठी आलो. मी त्यांच्या माणसाला सांगून ठेवलं होतं की दौलत मास्तर पहिल्या रांगेत बसतील. तो म्हणाला, "हाव साहेब, हाव."

कामठी रोडवरचं एक लॉन. मी गाडीतून उतरलो तर दारात बँड उभा होता. आमचाच. शेठजींनी माझ्या स्वागतासाठी ठरवला होता. आणि सगळ्यात पुढे, लाल कोटात, केस पूर्ण पांढरे झालेले मास्तर. क्लॅरिनेट तोंडात. मागे मुलं, पाठवलेली वाद्यं हातात घेऊन.

शेठजी हात पसरून आले. "या या! आपल्या नागपूरचा हिरा आला!" त्यांनी खिशातून कोरी नोट काढली. माझ्या डोक्याभोवती फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. मला कळायच्या आधी ती मास्तरांच्या तोंडासमोर गेली होती.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठातून काढलं. माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लाज नव्हती, घाई होती. होऊन जाऊ दे, असं ते पाहणं होतं. मग त्यांनी मान खाली घातली. नोटेकडे.

मी शेठजींचं मनगट धरलं.

"हात खाली घ्या."

"अरे साहेब, तुमचीच नजर उतरवून राहिलो."

"माझी नजर यांच्या तोंडात कायले?"

कितीतरी वर्षांनी मी असं बोललो. माझ्या घरच्या भाषेत. शेठजी अजूनही हसत होते. "रिवाज आहे हो. बँडवाल्याले काय वाईट वाटते त्यात? त्याचीच तं कमाई."

"हे माझे गुरू आहेत. यांना आत पहिल्या रांगेत बसवा. मग मी येतो."

"वर्दीत?" ते खरोखर गोंधळले. "पाहुणे काय म्हणतील? तुम्ही चला. त्यांच्या जेवणाचं मागं सांगून ठेवलं आहे."

मागे. मंडपामागे, जिथे भांडी घासतात. ती जागा मला माहीत होती. तिथला चिखल, तिथलं खरकटं पाणी माहीत होतं.

"मग मीही मागेच," मी म्हणालो. एका मुलाच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं. रांगेत उभा राहिलो. आणि म्हणालो, "फिरा."

बँड दारापर्यंत जातो आणि थांबतो. एवढंच त्याला माहीत असतं. दारातून वाजत परत फिरलेला बँड मी कधी पाहिला नव्हता. आम्ही फिरलो. रस्त्यावर आलो. ऑटोवाले थांबून पाहत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "फॉरेनचं पाणी लागलं." मुलं वाजवत होती. ढोल वाजत होता. मास्तर वाजवत नव्हते. क्लॅरिनेट काखेत धरून ते सगळ्यात मागे चालत होते.

शेठजींनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला. मजला देणार नाही. शब्द सभ्य होते.

दुकानात मुलांचे आईवडील जमले. मला वाटलं होतं की कोणी पाठीवर हात ठेवेल. कन्हानच्या मुलीची आई उभी राहिली. "दादा, तुमचा मान तुमी राखला. आमच्या पोरीची खोली गेली. तुमी विमानात बसून जासान. आमी कुठी जाव?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते कोटाच्या बटणांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "मी वाकत होतो न बाबू. तुले कोणं सांगितलं मधात याले?"

"मास्तर, तुम्ही..."

"पोट्ट्यायले खोली भेटत होती. म्हातारी पाठ आहे माही. तिले काय होते?"

मग ते पुढच्या बटणाकडे वळले. मी निघालो त्या दिवशी दुकान बंद होतं.

रॉटरडॅमला आलो. फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मी उपकार विसरणारा नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांच्याच मनाविरुद्ध गेलो, हे मला झोपू देईना. पण डोळे मिटले की दारात खाली जाणारी ती मान दिसे. मग त्यांना लिहिलं. पाठवलं ते असं :

मास्तर,

तुम्ही फोन घेत नाही म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका.

खोली माझ्यामुळे गेली. कन्हानच्या बाई बोलल्या ते सगळं खरं आहे. तरी मी माफी मागणार नाही. पुन्हा तसं झालं तर पुन्हा तेच करेन.

तुम्ही म्हणालात, पाठीला काय होतं. पाठ तुमची होती, बघणारी मुलं होती. तुम्ही ती नोट घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत त्यांना सूर शिकवला असता. त्यांना सूर आला असता. आणि बँडवाल्याचं तोंड कशासाठी असतं, तेही शिकून झालं असतं.

आता मी काय ठरवलं ते सांगतो. वाद्यं तुमच्या दुकानातच राहतील. मुलं पाळीपाळीनं येतील. जागा कमी पडेल, पडू द्या. ज्याला काही द्यायचं आहे त्यानं दुकानात आणून ठेवावं, चहा घ्यावा आणि जावं. मलाही हाच नियम. माझा फोटो तिथून काढा.

दुसरी गोष्ट अवघड आहे. बँडनं ओवाळणी घेणं बंद करायचं. लग्न ठरवायला लोक येतील तेव्हाच तसं सांगायचं. माणसांची बरीचशी कमाई त्यातच आहे, हे मी विसरलेलो नाही. ती मी इथून भरून देणार नाही. दिली तर डोक्यावरून नोट फिरवणारा मीच होईन. भाव वाढवा. मेहनतीचे पैसे हातात देतील त्यांच्याकडे वाजवा. लग्नाच्या तारखा कमी मिळतील. आपली काही माणसं दुसऱ्या बँडकडे जातील. लोक हसतील.

हे इथे बसून लिहिणं सोपं आहे. म्हणून मी इथे बसणार नाही. पूर्ण सीझनची रजा मागितली आहे. खुर्ची राहील की जाईल, माहीत नाही. नोट पुढे आली तर तुम्ही काही बोलू नका, 'नाही' मी म्हणेन. काही वरातींनंतर मुलंच 'नाही' म्हणायला लागतील. मग माझी गरज नाही.

तुम्ही येऊ नको म्हणालात तरी मी येणार आहे. पहिली वरात कोणाच्या दारात जाते, एवढंच कळवा.