पादरीसाहेबांचा नारळ

"माज्या बोंबलांना साखली लागली त तंगरा मोरीन तुजा!"

हिराबाय कोळीण ओरडली तेव्हा पार रेवसच्या धक्क्यावरची गलबतं हलली, हे मी शपथेवर सांगतो. मी सरकारी मोजणीदार. साखळी म्हणजे जमीन मोजायची लोखंडी कड्यांची माळ. ती वाहून माझा एक खांदा वीतभर खाली आला आहे.

भांडण वाळूचं होतं. कोळी तिथे बांबूंवर बोंबील सुकवीत. वाळू गेली की वर्षाची चूल गेली. हिराबायच्या सासऱ्यांनी पूर्वी पादरीसाहेबांना दवाखान्यासाठी कडेची जागा दिली आणि कागदावर अंगठा उठवला. कागद म्हणत होता, विकली, समुद्रापर्यंत. पादरीसाहेबांनी ओहोटीला मोजलं, त्यांची हद्द जवळजवळ मुंबईला टेकली. भरती पोचते तिथवरचा किनारा सरकारचा, म्हणून मामलेदारांनी मला अमावास्येच्या उधाणाला धाडलं. सरकार दवाखान्याच्या पायऱ्या चढलं. बोंबील दोघांच्याही हद्दीत.

"जागा आम्ही विकत घेतली आहे, महाशय," पादरीसाहेब म्हणाले.

"मंग दर साली आमाला नारल कनाला देतस?" हिराबाय म्हणाली.

"प्रेमाने देतो, बाई."

त्या कोळीवाड्यात दुसऱ्याच्या जागेवर बसणारा दरवर्षी मालकाला नारळ देतो. जागा तुमची, मी नुसता बसलोय, एवढाच त्याचा अर्थ. पादरीसाहेब सणाची भेट समजून इतकी वर्षं इमानेइतबारे तो देत आले होते!

मी रिपोर्टात तसं लिहिलं. मामलेदार खूश.

"शाबास! म्हणजे पादरी मालक नाही."

"मग कोळी मालक, रावसाहेब."

"त्यांच्याकडे कागद?"

"नाही."

"मग सरकार. पुढची फाइल घ्या."

पादरीसाहेबांनी वरपर्यंत अर्ज केले. फाइल एवढी फुगली की तिला बैलगाडी लागे. शेवटी ऑर्डर आली: वाळू सरकारजमा; बोंबील सुकवायचे तर परवानगी काढा. आमच्या खात्यात दोघांचं भांडण मोजायला गेलं की जागा तिसऱ्याची निघते, आणि तो तिसराच आपला पगार देतो.

सांगायला मीच गेलो.

"हिराबाय, वाळू सरकारची झाली."

ती बांबूवर बोंबील अडकवत होती. वर न बघता म्हणाली, "तुज्या सायबाला सांग, दर साली नारल आनून दे."