गोळी थांबवण्याआधी विचारा

डॉ. करुणा ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. शिरूरला औषधांचे दुकान घालून मला जेमतेम वर्ष झाले होते. कारेगावच्या एका मधुमेही मामांनी "शुगरवाल्यानं रक्त पातळ करायची गोळी घ्यावीच लागती म्हनं" असे सांगून ॲस्पिरिन मागितली. चिठ्ठी न विचारता मी दिली. काही आठवड्यांनी त्यांना डांबरासारखे काळे शौचाला होऊ लागले. डॉक्टरबाई दवाखाना थांबवून दुकानात आल्या आणि त्यांनी मामांच्या गोळ्यांचे पाकीट माझ्यासमोर ठेवले.

"यांना पूर्वी अल्सर होता. विचारलंत का?"

"नाही, मॅडम."

"मग इथून पुढं विचारा."

आवाज चढला नाही. मामा बरे झाले, पण माझी झोप उडाली. त्यानंतर बाईंनीच मला हा विषय शिकवला. साखर चढलेली राहिली की रक्तातल्या बारीक पेशी एकमेकींना लवकर चिकटतात आणि गुठळी धरते. ही गोळी रक्त पातळ करत नाही, पेशींना चिकटू देत नाही. म्हणून ती एकाला वाचवते, तर ज्याला तिची गरज नाही त्याचे पोट रक्ताळते.

बाई दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढल्या. त्या शिकत असतानाच मधुमेहाने वडिलांचा पाय गेला. त्याविषयी त्या फारसे बोलत नाहीत. पुण्यात न थांबता इकडे आल्या, एवढेच आम्हांला ठाऊक.

त्यांचे माझ्यावरचे मोठे ऋण मात्र आप्पांचे, माझ्या वडिलांचे. आप्पा वडगाव रासाईला असतात. त्यांनाही मधुमेह. हृदयात स्टेंट बसवून दोनच महिने झाले होते; त्यात गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची अशा दोन गोळ्या रोज होत्या. सकाळी सहज फोन केला, तर म्हणाले, "दात काढायचाय. रक्त थांबत न्हाई म्हनं, म्हून दोन्ही गोळ्या चार दिस बंद ठिवल्यात." औषधे विकणाऱ्याचा बाप, आणि मला पत्ता नाही! मी लगेच बाईंना फोन लावला.

"आत्ता काही होतंय?"

"जबडा दुखतोय म्हणतात. दाताचाच असेल."

"घाम आलाय का, विचारा."

विचारले. आप्पा म्हणाले, "व्हय, सदरा भिजलाय." बाईंनी पुढचे ऐकूनही घेतले नाही. ॲम्ब्युलन्स थेट पुण्याकडे काढायला लावली, तिथल्या डॉक्टरांना कळवले, समोरच्या पेशंटांची सोय सहकाऱ्यांवर सोपवली आणि माझ्या गाडीत बसल्या. वाटेत मी तीनदा विचारले, "वाचतील ना?" प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, "अजून सांगता येत नाही." खोटा धीर त्यांनी दिला नाही. पण थोड्या थोड्या वेळाने ॲम्ब्युलन्सला फोन लावून त्या आप्पांची विचारपूस करत राहिल्या.

स्टेंटमध्ये गुठळी अडकली होती. ती काढली. आप्पा वाचले, हृदय मात्र थोडे दुबळे राहिले. आता ते बांधावर बसूनच शेत पाहतात. शुद्धीवर आल्यावर पुटपुटले, "लोक म्हनले रक्त थांबनार न्हाई, बाई."

बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "आप्पा, दाताचं रक्त बोळा दाबून थांबतंय. ह्या गुठळीला बोळा न्हाई."

तेव्हापासून पाबळपासून वडगावपर्यंत आम्ही शिबिरे घेतो. बाई व्याख्यान देत नाहीत. समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारतात, "गोळी कुणी स्वतःहून बंद केली का? कुणी स्वतःहून चालू केली का?" हात वर होतातच, आणि दर वेळी मी त्यांची नावे वहीत उतरवून घेतो.

गेल्या वर्षी बाईंनाच स्टेंट बसला. मधुमेह त्यांनाही आहे, हे आम्हांला तेव्हा कळले. पंधरा दिवसांत त्या पुन्हा खुर्चीवर होत्या. दुपारचे जेवण आजही चारला होते. मी रोज सकाळी फोन करून गोळ्या घेतल्या का विचारतो. त्या रागावतात, "मला शिकवता?" मी म्हणतो, "हो."

बाई, आपल्याला साठ वर्षे पूर्ण झाली, त्याचा आनंद सांगताना माझी काळजी लपत नाही, क्षमा असावी. आपण वेळेवर जेवावे, थकल्यावर थांबावे, पुष्कळ जगावे. पंचाहत्तरीचा लेखही मलाच लिहायचा आहे, आणि तो आपण वाचून त्यातल्या चुका काढायच्या आहेत.