निम्मे आधी, निम्मे निघताना

जळगावात आमची गल्ली मोठ्या दवाखान्याच्या मागे. पेशंटचे नातेवाईक, परीक्षेची मुलं यांना आम्ही दोघी-तिघी बाया दिवसावर खोल्या देतो. निम्मे पैसे आधी, निम्मे निघताना. संध्याकाळी ओट्यावर बसलं की एकेक किस्सा निघतो. किश्श्यांचा ढीग झाला, पैशांचा काही झाला नाही!

*

शेजारच्या नलूवहिनींकडे परीक्षेला चार मुलं आली. निघताना वहिनींनी बाकी मागितली.

"काकू, सगळ्यांचे सोहमकडे दिलेत. तो टाकेल."

"बरं. तुमच्यातला सोहम कोण?"

"तो आलाच नाही ना, काकू!"

*

माझ्याकडे एक जोडपं उतरलं होतं. मोबाईल माझ्या तोंडापुढे धरून तो म्हणाला, "ताई, पैसे गेलेत, पण पेंडिंग दाखवतंय. नेटवर्क नाही."

रिक्षा गेली. फोन लागेना. रात्री त्याच्या स्टेटसला देवीच्या गडावरचे फोटो, एकामागून एक. गडावर नेटवर्क होतं म्हणजे!

*

माझी नणंद धुळ्याला असते. तीही एक खोली देते आणि माझ्यासारखी भोळी नाही. एकाने बाकी दिली नाही, तर तिने त्याची बॅगच ठेवून घेतली. "पैसे आणा, बॅग न्या!"

महिना झाला, माणूस फिरकला नाही. शेवटी तिने चेन उघडली. आत तिच्याच दोन चादरी आणि उशी!

*

हसते मी, पण मला धास्ती पिहूची. माझी पोरगी वर्षाची पण नाही. घरात कूलर एकच, तो पाहुण्यांच्या खोलीत. कूलर नसला तर उन्हाळ्यात खोली जात नाही. आम्ही तिघं वर पत्र्याखाली. तिची पाठ घामोळ्यांनी सोलून निघाली, दोनदा ताप आला. डॉक्टर म्हणाले, "हिला थंडाव्यात ठेवा." नवरा पाइपच्या कंपनीत, पगार कर्जाच्या हप्त्यांतच संपतो. म्हणजे कूलर खोलीच्याच पैशांतून.

मी दुकानात गेले. म्हटलं, "भाऊ, निम्मे आता घ्या, निम्मे खोलीची बाकी आली की."

तो म्हणाला, "मग निम्मा कूलर न्या, ताई. पंखा आता, पाणी नंतर!"

दुकानातली सगळी हसली. मी पण हसले. कडेवर पिहू रडत होती.

*

त्याच आठवड्यात शिरपूरकडची माणसं आली. म्हातारे आबा दवाखान्यात, सोबत त्यांची बायको आक्का आणि तीन मुलगे. राहिले बरेच दिवस. मी हिशोब करून ठेवला होता, यांची बाकी आली की कूलर येतो.

आबा पहाटे गेले. सकाळी गल्लीत अँब्युलन्स उभी, आत आबा, आणि माझ्या दारात तिघे भाऊ.

थोरला म्हणाला, "मना हिस्सा मी दिधा. आते या दोन्ही देतीन."

मधला म्हणाला, "मी एकच रात झोपनू खोलीमा!"

धाकटा म्हणाला, "मी ते दवाखानाना बाकडावर झोपनू. मना कसाना हिस्सा?"

अँब्युलन्सवाल्याने हॉर्न दिला. तरी तिघे बोलतच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागावं तरी कसं, आणि सोडावं तरी कसं?

आक्का पायरीवर बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं, हात बांगड्यांविना ओके. त्या उठल्या, पदराची गाठ सोडली, चुरगळलेल्या नोटा काढल्या.

"चार हिस्सा करा रे," त्या म्हणाल्या. "मनाबी धरा."

"राहू द्या, आक्का" म्हणायला मी तोंड उघडलं. कडेवर पिहूची पाठ तव्यासारखी तापली होती. मी तोंड मिटलं.

थोरल्याने खिशातून मोबाईल काढला आणि परत भागाकार केला. या वेळी चारने.