भेगेतला वाळा

वैशाखातल्या भर दुपारी, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, गायरानात एक म्हातारा पालथा पडलेला दिसला तर कुणालाही वाटेल, ऊन लागलं बिचाऱ्याला. मलाही तसंच वाटलं. पाण्याची बाटली घेऊन मी धावत गेले, तर त्यांनी डोकं न उचलता नुसता हात वर करून मला थांबवलं. त्यांचा कान जमिनीला लागलेला होता आणि कानाशेजारी वीतभर रुंद भेग होती. थोड्या वेळानं ते उठले, कानातली माती बोटानं काढली आणि माझी रोजची ओळख असल्यासारखं म्हणाले, "खडा टाकला हुता. वाजला न्हाय."

हे भेगांचे आबा. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. बारामतीहून कऱ्हाटीच्या अंगाला निघालं की ऊस मागं पडतो, मग बाजरी मागं पडते, आणि मग सुरू होतो तो उघडा माळ. त्या माळावर आबांची पन्नासेक मेंढरं. मी तेव्हा माती-पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत नव्यानं लागले होते. मातीची मोठी पदवी माझ्याकडे होती आणि ती मी चारचौघांत लवकर सांगून टाकत असे. खडा वाजला नाही म्हणजे काय, असं मी त्यांना विचारलं. वाजला म्हणजे भुईला लागला, नाही वाजला म्हणजे कुणीतरी झेलला, असं त्यांनी सांगितलं. एसटी किती वाजता येते हे सांगावं त्या सुरात. मी हसले. ते हसले नाहीत.

आबांची काठी त्यांच्या खांद्याला लागायची. तिच्यावर कमरेच्या उंचीला एक खाच होती आणि खाचेवर लाल दोरा गुंडाळलेला. उन्हाळा लागला की रोज एकदा तरी ते ती भेगेत सोडून बघत. काठी दोऱ्यापर्यंत गेली की मान हलवत, अलीकडेच अडकली की "अजून न्हाय" एवढंच बोलत. मेंढराचा पाय मोडू नये म्हणून खोली बघत असतील, अशी मी समजूत करून घेतली. पण मेंढराचा पाय मोडायला घोटाभर भेगही पुरते, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष लागलं.

"काळी कूस बदलती," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या माळावर बहुतेक ठिकाणी बोटभर मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली काळा खडक. पण मधल्या खोलगटात, सगळ्या माळाची वाहून आलेली चिकण माती साठून, पुरुषभर खोल काळी तयार झालेली आहे. पावसाळ्यात ती पिऊन फुगते, उन्हाळ्यात आखडून फाटते. तिथं रोवलेला एकही खांब सरळ उभा नाही. गायरानाच्या हद्दीचा दगड आबांच्या लहानपणी बोरीच्या झाडाच्या पूर्वेला होता म्हणे, आता तो बोरीच्या दक्षिणेला आहे, आणि तो कुणी हलवलेला नाही. कुंपणाच्या तारा कुठं ताणलेल्या, कुठं सैल. दुपारी वारा पडला की भेगांच्या कडांवरची भुगा झालेली माती आत ओघळत राहते आणि तिचा बारीक आवाज येतो. शेजारच्या खोलीत दोघं जण आपल्याविषयीच हळू बोलत असावेत, तसा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं. नंतरही दरवेळी बघत आले.

नमुने घ्यायला मी तिथं खड्डा खोदून घेतला तेव्हा आबा उतरून माझ्यासोबत आत बसले. खड्ड्याच्या भिंतीत तिरक्या, गुळगुळीत, तेल लावल्यासारख्या चकाकणाऱ्या फळ्या दिसत होत्या. ओली माती फुगताना एकमेकींवर घासून अशी चकाकी येते, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला. मग खड्ड्यात बसल्या बसल्याच, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला मंजीची गोष्ट सांगितली.

मंजी त्यांची थोरली. तीन वर्षांची होऊन तापानं गेली. लेकराला मातीच देतात. आणि मुरमात कुदळ चालत नव्हती म्हणून त्यांनी तिला या खोलगटात, कमरेइतकं खणून ठेवलं. पायात चांदीचे वाळे होते, ते आबांनी काढू दिले नाहीत. पाचसहा वर्षांनी मेंढरं चारताना, मोकळ्या भुसभुशीत मातीवर, त्यांना त्यातला एक वाळा दिसला. तिला ठेवलं होतं तिथून चार पावलांवर, कुणी हातानं आणून ठेवावा तसा. त्यांनी उन्हाळ्याची वाट बघितली, भेग पुरती खोल गेल्यावर तो तिच्यात सोडला. काही वर्षांनी तो पुन्हा वर आला. पुन्हा सोडला. असं तीनदा झालं होतं.

मी लगेच शास्त्र सांगायला बसले. भेगेत वरून माती पडते, पावसात खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, मग ती वर सरकते आणि खडे, गोटे, चुनखडी, जे असेल ते वर ढकलते. वाळा तळापर्यंत जातच नसेल, मधेच अडकत असेल, हेही सांगितलं. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमी म्हंताय ते खरंच आसंल बाई," ते म्हणाले. "पर जितीपनी बी ती आसंच करायची. पायातला वाळा काढायची, माज्या हातात द्यायची, आन् पाय फुडं करून म्हनायची, घाल."

त्या खड्ड्यात मे महिन्यातही मला गार वाटलं. वर येऊन मी वहीत मातीचा रंग लिहिला, पोत लिहिला, भेगांची खोली लिहिली. बाकी काय लिहिणार?

आता माझी चूक सांगते, कारण आबांविषयी लिहायचं आणि ती वगळायची, हे काही बरं नाही. गायरानात एक पाझर तलाव घ्यायचा ठरलं आणि जागा सुचवायचं काम माझ्याकडे आलं. आबा म्हणाले की पाणी वर मुरमावर अडवा, तिथं ते जिरेल. काळी पाणी खाली सोडत नाही, धरून बसते. माझ्या पदवीनंही मला हेच शिकवलं होतं. पण वरच्या अंगाला रस्ता नव्हता, यंत्र जायला अडचण होती, आणि पाणी खोलगटात उतरतं त्या तोंडाशी बांध घातला की कमी खणाईत जास्त पाणी दिसणार होतं. लोकांना पाणी दिसायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आबा एवढंच म्हणाले, की काळी ओली राहिली तर फाटायची नाही. मी त्यांना विचारलं, "आबा, मेंढरांना पाणी नको का?" ग्रामसभेत त्यांनीही हात वर केला. तो हात मला अजून दिसतो.

तलाव भरला. नारळ फुटला, फोटो निघाले, माझं कौतुक झालं. बांधाखालून पाझर सुटला आणि खोलगटात उन्हाळाभर ओल राहिली. पवन्या गवत गुडघ्याला लागलं. आबांची मेंढरं कधी नव्हे ती उन्हाळ्यात धष्टपुष्ट दिसायला लागली.

आणि तलाव भरला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, वाळा चौथ्यांदा वर आला होता.

पुढच्या वैशाखात आबा एसटीनं बारामतीला माझ्या ऑफिसात आले. अंगावर धुतलेलं धोतर, हातात काठी. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. कमरेच्या पिशवीतून त्यांनी फडक्याची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत तो वाळा होता, काळा पडलेला, माझ्या चार बोटांतसुद्धा जेमतेम जाईल एवढा. त्यांनी तक्रार केली नाही, तळ्याचं नावही काढलं नाही.

"औंदा फाटंल का?" त्यांनी विचारलं. "पाय फुडं करून बसली आसंल."

फाटणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, बघू, ऊन वाढलं की फाटेल. माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट उत्तर ते. पुढं दोन उन्हाळे मी गायरानात गेले की आबा काठी टेकवत. ती वीतभर जाऊन मऊ मातीत रुतायची आणि ओढून काढताना तिला चिखल लागलेला असायचा. लाल दोरा कोरडाच राहायचा. बांध फोडून टाकू या, असं मी एकदा रागारागानं म्हणाले. राग माझ्यावरचाच होता. त्यांनी मेंढरांकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. जित्यांचं पाणी असं तोडू नये म्हणाले. ती थांबली असेल, तिला थांबायची सवय आहे.

आबा मात्र थांबले नाहीत. त्या पावसाळ्याच्या शेवटी झोपेतच गेले. मुलगा इंदापूरला कामाला, तो आला. आबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून रक्षा नदीला न नेता त्याच खोलगटात खड्डा करून ठेवली. मला कळलं ते तेराव्यानंतर. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची सून शेवंता दारात बसून लोकर निवडत होती. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, पण वर मान करून बघितलं नाही. भिंतीला काठी टेकवलेली होती आणि खुंटीला ती पिशवी.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. तलावाचा तळ उघडा पडला, मग तडकला. लोक हवालदिल झाले होते, टँकरच्या खेपा सुरू होत्या, आणि मी, पाण्यासाठी पगार घेणारी बाई, रोज सकाळी उठून आभाळ कोरडं आहे ना, हे बघत होते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मेमध्ये शेवंताचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "फाटलीय. या."

आम्ही दोघी दुपारी खोलगटात गेलो. एवढ्या भेगा मी त्या माळावर कधी बघितल्या नव्हत्या. पाऊल ठेवायला जागा शोधावी लागत होती, आणि सगळीकडून तो ओघळणाऱ्या मातीचा आवाज येत होता. आबांनी सांगून ठेवल्याप्रमाणे शेवंतानं बोरीपासून पावलं मोजली आणि एका भेगेपाशी थांबली. काठी आत सोडली. लाल दोरा भेगेच्या तोंडाशी आला, आत गेला, दिसेनासा झाला. तिनं एक खडा उचलून मला दिला. मी टाकला. खाली टक् असा स्पष्ट आवाज आला. काय वाटलं ते कसं सांगू? शास्त्राप्रमाणे तो यायलाच हवा होता, आणि तरी माझे डोळे भरून आले.

शेवंतानं पुरचुंडी सोडली आणि वाळा माझ्यापुढं धरला.

"तुमीच सोडा," ती म्हणाली. "तुमच्या तळ्यापायी ऱ्हायला हुता."

मी आबांसारखी पालथी पडले, तापलेल्या जमिनीला कान लावला आणि वाळा सोडून दिला. वाट बघितली. खडा पडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वाट बघितली. मातीची कुजबुजसुद्धा थांबली होती. लांबवर एक मेंढरू ओरडलं, एवढंच.

"वाजला का?" शेवंतानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडून तसंच आलं.

ती आवाज खाली करून, जवळच झोपलेलं कुणी जागं होऊ नये असं बोलली, "मामंजी हायती की आता तितं. त्यांनीच झेलला आसंल. आता घालत्याल तिला."

मग तिनं काठी वर ओढली, पदरानं तिची माती पुसली आणि सैल झालेल्या लाल दोऱ्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली.