दिवे विझवणारा

“कोण हाय तो दिवे विझवणारा? भायेर काढा त्याला!” भल्या सकाळी आमच्या दारात रशीदचाचा गरजत होते, आणि ज्याच्यासाठी गरजत होते तो माझा आतेभाऊ आत बिनसाखरेचा चहा पीत होता. राज्याच्या तिजोरीची या माणसाइतकी काळजी खुद्द अर्थमंत्र्यांनी कधी केली नसेल. निलंग्याहून नांदेडला तो स्पर्धा परीक्षांसाठी आला. वय निघून गेलं, नोकरी लागली नाही, आणि आपण सरकारला फुकट महागात पडून राहिलो, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. सरकारनं शिकवलं, आणि आपल्याकडून कराचा छदाम परत नाही! मग डांबर झिजू नये म्हणून तो रस्त्याकडेच्या मातीतून चालायचा. तापानं फणफणला तरी सरकारी दवाखान्याच्या फाटकावरूनच माघारी यायचा. एका उन्हाळ्यात गोदावरी आटली, तर त्याचाही दोष त्यानं आपल्याच आंघोळीवर घेतला. आणि रोज झुंजुमुंजू झालं की खांबाखांबावरच्या पेट्या उघडून साऱ्या वस्तीचे दिवे बंद करीत सुटायचा. सूर्य जरा रेंगाळला तर त्याच्यावरही डाफरायचा. “तेवढंच फिटतंय, दादा,” म्हणायचा.

हेच दिवे बंद करायला पालिकेच्या ठेकेदारानं रोजंदारीवर रशीदचाचांना ठेवलं होतं. दिवे आपोआप विझतात असं दिसल्यावर त्यानं चाचांना घरी बसवलं. चाचांकडून हे सगळं ऐकून आतेभाऊ बाहेर आला आणि पायरीवर मटकन बसला.

“म्हणजे चाचा, आता सरकारच्या डोक्यावर आपण दोघं झालो?”

चाचांचा आवाज एकदम उतरला. “तुम्ही नुस्तं झोपा ना, भाऊ. मेहरबानी करा.”

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारच्या उन्हात वस्तीभर दिवे जळू लागले आणि घरात हा. खिडक्या लावून घ्यायचा, येरझाऱ्या घालायचा, नखं कुरतडायचा. एकदा तर खांबापर्यंत जाऊन, हात काखेत दाबून परत आला. शेवटी लोकांनी बोंब मारली, ठेकेदाराची खरडपट्टी निघाली आणि चाचांना परत बोलावणं गेलं.

आता पहाटे गल्लीतून चाचांची सायकल खडखडत जाते आणि मागोमाग एकेक दिवा विझत जातो. परवा मी आतेभावाला विचारलं, आता सकाळचं काय करतोस रे?

“काही न्हाई,” तो म्हणाला. “पडून राहतो. तेवढंच फिटतंय, दादा.”